बर्म्युडा फेअरवे दर हंगामात त्याच वेळी का अडखळतो

गोल्फच्या मैदानावर फटका सुरू करायच्या जागेपासून छिद्राकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, आणि इथे विषय आहे बर्म्युडा गवताच्या फेअरवेचा. तक्रार साधारण अशी असते. थंडी ओसरते, फेअरवे हिरवा व्हायला लागतो, खताचा पहिला मोठा हप्ता पडतो आणि तीन आठवडे सगळे खूश असतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात रंग उतरतो. कुठे फिकट पट्टे, कुठे विरळ ठिगळं. घाईघाईने आणखी युरिया जातो. तो लागू पडेपर्यंत खरी उष्णता आलेली असते, वर पाऊस, आणि गवत असं उसळतं की कापणीचा एक दिवस चुकला तरी पुढच्या फेरीत यंत्र पानं उडवून खालच्या पांढुरक्या कांड्या उघड्या पाडतं. ते दृश्य पाहून खत बंद होतं. म्हणजे गवताला सगळ्यात जास्त भूक असते त्याच दिवसांत त्याचं ताट काढून घेतलं जातं. हंगाम सरताना कुणाच्या तरी हे लक्षात येतं, मग जाता जाता एक जोरदार हप्ता. पुढच्या वर्षी फेअरवे उशिरा आणि विरळ उठतो, नि पहिले पाढे पंचावन्न.

हे चक्र मी स्वतः चार वर्षं फिरवलं आहे, आणि चारही वर्षं मला वाटत होतं की खत कमी पडतंय. कमी पडत नव्हतं. वर्षाचा एकूण आकडा ठीक होता, चुकत होती ती वाटणी. मी तारखा पाहून खत टाकत होतो आणि गवत जमिनीची ऊब पाहून खात होतं.

पुढे जे लिहिलंय ते संकरित बर्म्युडाच्या फेअरवेसाठी आहे. आपण जिला हरळी म्हणतो ती सायनोडॉन डॅक्टिलॉन आणि तिची आफ्रिकेतली बारीक पानांची बहीण सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस यांच्या संकरातून आलेल्या जाती. १९६० साली आलेली टिफवे ४१९ अजून कितीतरी मैदानांवर आहे. कापणीची उंची १० ते १५ मिलिमीटर, कापलेलं गवत तिथेच पडू दिलेलं. ग्रीनचं, म्हणजे छिद्राभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीचं, गणित वेगळं, ते इथे लावू नका.

आधी दुखणं खताचंच आहे ना, ते बघा

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं फेअरवेवर रोज घडतं. पिवळेपणा दिसला की नत्र (नायट्रोजन), हे समीकरण डोक्यातून काढा. आधी पिवळेपणाचा आकार बघा. निसर्ग सरळ रेषा मारत नाही. त्यामुळे समांतर पट्टे दिसले तर ते माणसाचं किंवा यंत्राचं काम, बहुतेक वेळा स्प्रेडरचं, म्हणजे खत पसरवणाऱ्या यंत्राचं. स्प्रिंक्लरच्या डोक्याभोवती हिरवं वर्तुळ आणि दोन डोक्यांच्या मधे फिकट, तर पाण्याची वाटणी बिघडली आहे. खोलगट भागातच पिवळं असेल तर निचरा आणि दाबलेली माती. गाड्या वळतात तिथे असेल तर ते सांगायला नकोच.

थंडीनंतर सगळीकडे हिरवं होत असताना मधेच गोल, मेलेले, पेंढ्याच्या रंगाचे, किंचित खचलेले डाग राहिले आणि ते दरवर्षी त्याच जागी थोडे मोठे होऊन परत आले, तर तो स्प्रिंग डेड स्पॉट. ऑफिओस्फेरेला गटातली बुरशी मागच्या हंगामाच्या शेवटी, जमीन थंड होत असताना मुळं पोखरते आणि परिणाम वसंतात दिसतो. त्या डागावर युरिया ओतून काही उगवत नाही, उलट भोवतालचं गवत उंच वाढून डाग जास्त उठून दिसतो.

मग पान हातात घ्या. नत्र झाडाच्या आत फिरतं, त्यामुळे त्याची कमतरता आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते आणि वाढही मंदावते. लोह फिरत नाही, त्यामुळे नवीन पान पिवळं पडतं, शिरा हिरव्या राहतात आणि वाढ मात्र चालूच असते. कापणीच्या उंचीवर हा फरक ओळखायला नजर तयार व्हावी लागते, भिंग घेऊन गुडघ्यावर बसावं लागतं. तेही जमलं नाही तर गवतालाच विचारा. फेअरवेच्या कडेला चौरस मीटरचे दोन तुकडे आखा. एकावर फेरस सल्फेट पाण्यात विरघळवून फवारा, एक ग्रॅम पुरे. दुसऱ्यावर ११ ग्रॅम युरिया मोजून टाका आणि लगेच झारीने पाणी द्या. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे हे ५ ग्रॅम नत्र झालं. लोहाचा तुकडा एक-दोन दिवसांत गडद झाला तर उत्तर मिळालं. नत्राचा तुकडा आठवड्याभरात हिरवा होऊन वाढायला लागला तर तेही उत्तर. दोन्ही तसेच राहिले तर खताची गोणी परत ठेवा आणि मुळं, पाणी, माती यांच्याकडे वळा.

पट्ट्यांबद्दल माझा एक किस्सा सांगतो. एका हंगामात पट्टे इतके ठळक होते की आम्ही लोह, मॅग्नेशियम, मँगनीज असं सगळं फवारून झालं होतं. शेवटी एका सहकाऱ्याने स्वयंपाकघरातले एकसारखे ट्रे आणले, स्प्रेडरच्या वाटेत आडवे ओळीने मांडले आणि यंत्र वरून नेलं. डावीकडच्या ट्रेमध्ये उजवीकडच्या निम्मंही खत नव्हतं. फिरत्या चकतीवर ओलसर खताचा गठ्ठा चिकटून दगड झाला होता. दोन मिनिटांचं काम होतं आणि आम्ही दोन महिने पोषणशास्त्र वाचत होतो.

तेव्हापासून प्रत्येक नव्या खताला ट्रेची चाचणी करतो. कारण दाण्याचं वजन आणि आकार बदलला की फेक बदलते. हलका युरिया आणि जड पोटॅश एकत्र मिसळून टाकलंत तर जड दाणा लांब जातो, हलका जवळ पडतो, आणि तुम्ही नकळत दोन वेगळे पट्टे पेरता. निम्मं खत एका दिशेने आणि निम्मं काटकोनात टाकलं तर उरलेली चूक बरीच झाकली जाते. वेळ दुप्पट लागतो, हे खरं.

आणखी एक गोष्ट कुणी तपासत नाही: क्षेत्रफळ. कापणीवाले दरवर्षी कडेने थोडं थोडं आत येतात, रफ, म्हणजे कडेचं उंच गवत, वाढतो, फेअरवे आकसतो. कागदावर १२ हेक्टर आणि प्रत्यक्षात १० असतील तर तुम्ही ठरवल्यापेक्षा २० टक्के जास्त खत देत आहात. एकदा चालत जाऊन मोजून घ्या.

मूळ कारण: तारीख आणि ऊब यांची फारकत

बर्म्युडा उष्ण हंगामातलं गवत. हवेचं तापमान २७ ते ३५ अंश असताना ते मनापासून वाढतं. दहा अंशांच्या खाली गेलं की रंग सोडतं आणि झोपेच्या वाटेला लागतं. वसंतात जो पहिला हिरवा रंग दिसतो तो आपल्या खताचा नसतो. जमिनीखालच्या आणि जमिनीलगतच्या कांड्यांमध्ये साठवलेलं अन्न वापरून गवत पहिली पानं काढतं. मुळं त्या वेळी मागे असतात, कारण मातीची ऊब हवेच्या मागून येते. चार गरम दुपारींनी पान फुटतं, पण १० सेंटिमीटर खोलीवर माती अजून गारच असते.

अशा वेळी विरघळणाऱ्या नत्राचा मोठा हप्ता पडला की काय होतं? पानं आणखी फुटतात, साठा आणखी खर्च होतो, आणि तो भरून काढायला मुळं तयार नसतात. मधेच थंडीची एखादी लाट परत आली तर नुकती फुटलेली कोवळी पानं जातात आणि गवताला दुसऱ्यांदा, उरल्यासुरल्या साठ्यातून उठावं लागतं. जे नत्र मुळांनी उचललं नाही त्यातलं बरंचसं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपून जातं. म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यातला तो पिवळेपणा ही दोन खर्चांची बेरीज आहे: साठा संपला आणि खतही वाहून गेलं.

हे आकड्यांत बघायचं असेल तर एक सोपं सूत्र आहे. गेलर्नटर आणि स्टॉवेल या दोन गवत-संशोधकांनी मांडलेलं हे ‘वाढीच्या क्षमते’चं मॉडेल. उष्ण हंगामातल्या गवतासाठी सरासरी तापमान ३१ अंश असेल तर वाढीची क्षमता १०० टक्के धरायची. त्याहून जितकं दूर जाल तितकी ती घंटेच्या आकाराच्या वक्राने घसरते, आणि घसरणीचं माप ७ अंश. सरासरी म्हणजे दिवस-रात्रीची मिळून, दुपारची नव्हे. इथे बरेच जण घसरतात. २७ अंशांना क्षमता सुमारे ८५ टक्के येते, २४ ला ६१, २० ला २९, आणि १७ अंशांना फक्त १३-१४. घसरण सरळ नाही, कड्यासारखी आहे, आणि सगळं मर्म त्यातच आहे.

आता एक मैदान समजू, ज्याची महिन्यांची सरासरी तापमानं ओळीने १२, १४, १८, २२, २६, २९, ३१, ३०, २७, २३, १८ आणि १३ अंश आहेत. क्षमतांची बेरीज जवळजवळ बरोबर ६ येते. जोमाच्या महिन्यात जास्तीत जास्त ३ ग्रॅम नत्र प्रति चौरस मीटर द्यायचं ठरवलं तर वर्षाला १८ ग्रॅम होतात, म्हणजे हेक्टरी १८० किलो. बर्म्युडा फेअरवेला सहसा हेक्टरी १५० ते २५० किलोंच्या दरम्यान नत्र दिलं जातं, तेव्हा आकडा काही जगावेगळा नाही. पण वाटणी बघा. २६ ते ३१ अंशांच्या पाच महिन्यांत या नत्राचा तीन चतुर्थांश भाग जातो. आणि वसंतातल्या त्या १८ अंशांच्या महिन्याला किती येतं? अर्धा ग्रॅम. हेक्टरी ५ किलो.

जुन्या वेळापत्रकांत याच महिन्यात हेक्टरी ५० किलोंचा ‘जागवण्याचा हप्ता’ लिहिलेला असतो. गवताला खाता येतं त्याच्या दहापट. माझ्याही वहीत तसाच होता.

हे सूत्र फक्त तापमान ओळखतं, एवढं लक्षात ठेवा. त्याला ढग कळत नाहीत, सावली कळत नाही, दुष्काळ कळत नाही. बर्म्युडाला ऊन लागतं. आठवडाभर आभाळ भरून राहिलं तर तापमान कितीही छान असलं तरी गवत तेवढं वाढत नाही, लांबट आणि मऊ होतं. सूत्राने आलेला आकडा वरची मर्यादा समजा आणि त्यातून कमी करत जा.

पावसातली उसळी कुठून येते

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण इथे तीन-चार गोष्टी एकाच आठवड्यात जमा होतात आणि आपण दोष मात्र एकट्या पावसाला देतो.

पहिली गोष्ट म्हणजे लेप दिलेला युरिया. पिशवीवर नव्वद दिवस, एकशेवीस दिवस असं लिहिलेलं असतं. ते दिवस एका ठरावीक तापमानाला मोजलेले असतात. पॉलिमरच्या लेपातून नत्र बाहेर येण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो. गार जमिनीत वसंतात टाकलेलं खत पहिले कित्येक आठवडे जवळजवळ गप्प बसतं. फेअरवे पिवळा दिसतो म्हणून तुम्ही वरून आणखी देता. मग जमीन तापते, आणि साचलेलं नत्र भराभर सुटू लागतं. मिथिलीन युरियाचीही तीच गत, फक्त तिथे लेपाऐवजी मातीतले जिवाणू काम करतात आणि त्यांनाही ऊब लागते. ‘हळूहळू मिळणारं’ हा शब्द फसवा आहे. वेग कोण ठरवतं, ते विचारायला हवं.

दुसरी गोष्ट थॅच, म्हणजे मेलेल्या कांड्या-मुळांचा गादीसारखा थर. फेअरवेवर कापलेलं गवत तिथेच पडतं, आणि त्यातून वर्षभरात बरंच नत्र परत मातीत येतं. उष्णता आणि ओल एकत्र आली की हा सगळा सेंद्रिय माल कुजायला लागतो आणि नत्र मोकळं होतं. यासाठी तुम्ही काही केलेलं नसतं, फुकटचा हप्ता असतो. वेळापत्रकात तो कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून त्याच आठवड्यात आपलाही हप्ता पडतो.

तिसरी गोष्ट सिंचनाचं पाणी. पाऊस सुरू होण्याआधीच्या कोरड्या काळात जे पाणी देता, त्यात काय आहे ते कधी बघितलंय? प्रक्रिया केलेलं सांडपाणी असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा. हिशोब अगदी सोपा: पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम नत्र असेल तर १०० मिलिमीटर पाण्यातून हेक्टरी १ किलो नत्र पडतं. दहा मिलिग्रॅम असेल आणि हंगामात ६०० मिलिमीटर पाणी दिलंत, तर ६० किलो. म्हणजे १८० किलोंच्या नियोजनाचा एक तृतीयांश भाग नळातून आला. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना एक सांभाळा: आकडा ‘नायट्रेट’चा आहे की ‘नायट्रेटमधल्या नत्रा’चा, हे बघा. नायट्रेटचा असेल तर ४.४३ ने भागायचं. हे न पाहता केलेल्या हिशोबावर मी एकदा अख्खा उन्हाळा खत बंद ठेवलं होतं, आणि त्या वर्षी डॉलर स्पॉट हा गोल डागांचा बुरशीरोग असा आला की फेअरवेवर कुणी नाणी सांडल्यासारखं दिसत होतं. उपाशी गवतावर हा रोग हटकून बसतो.

तर मग तुमच्या मातीतून आणि पाण्यातून किती नत्र फुकट येतंय, हे कसं कळणार? यासाठी मी वापरतो ती युक्ती म्हणजे प्लायवूड. साधारण एक मीटर बाय एक मीटरचे तुकडे. खत टाकण्याच्या दिवशी तीन-चार फेअरवेवर एकेक ठेवायचा, वरून स्प्रेडर जाऊ द्यायचा, मग फळीवरचे दाणे बादलीत झटकून फळी उचलायची. खाली खत न मिळालेला एक चौकोन तयार. दोन-तीन आठवडे त्यावर लक्ष ठेवा. चौकोन फिकट होऊन स्पष्ट दिसायला लागला तर तुमच्या खताची गरज होती. काहीच फरक दिसला नाही तर ते सगळं खत गवताने न मागता दिलेलं होतं, आणि पुढचा हप्ता खुशाल वगळा. कोपऱ्यात खिळा ठोकून जागा नोंदवून ठेवा, नाहीतर नंतर सापडत नाही. खिळा जमिनीत पूर्ण आत जाऊ द्या. कापणी यंत्राच्या पात्यांनी खिळा चाखलेला मी पाहिला आहे.

उसळी येऊन गेलीच असेल तर एकदम उंची खाली आणू नका. एका वेळी पानाच्या उंचीचा एक तृतीयांश, त्याहून जास्त नाही. दोन-तीन कापण्यांत मूळ उंचीवर या. वाढरोधक म्हणून ट्रिनेक्सापॅक-इथाइल वापरत असाल तर दोन गोष्टी. त्याच्या अमलाखाली गवत कमी कापलं जातं, म्हणून नत्राची गरजही कमी होते. दोन्ही जुन्या प्रमाणात चालू ठेवणं म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबणं. आणि कडक उन्हाळ्यात त्याचा अंमल लवकर उतरतो, उतरताना गवत नेहमीपेक्षा जोरात वाढतं. फवारणीचे दिवस मोजण्यापेक्षा साठलेली उष्णता मोजली तर ही दुसरी उसळी टळते.

नवं वेळापत्रक लिहिताना

मी आता महिन्यांची नावं लिहितच नाही. वहीत डावीकडे मातीचं तापमान असतं. सकाळी, १० सेंटिमीटर खोलीवर, तीन जागी: उघड्यावर, झाडाच्या सावलीजवळ, आणि खोलगट भागात. सलग आठवडाभर तिन्ही ठिकाणी १८ अंशांच्या वर राहिलं आणि फेअरवे निम्म्याहून जास्त हिरवा झाला, की पहिला हप्ता. तोही चौरस मीटरला अर्ध्या ते एक ग्रॅमचा. त्याआधी रंग हवाच असेल तर लोह फवारायचं, नत्र नाही.

त्यानंतर जोमाच्या काळात दर दोन-तीन आठवड्यांनी एक ते दीड ग्रॅम. महिन्यातून एकदा ३ ग्रॅम आणि दोनदा दीड ग्रॅम, कागदावर दोन्ही सारखं. फेअरवेवर मात्र पहिल्यात एक आठवडा जंगल आणि एक आठवडा वाळवंट. मजुरी आणि डिझेल वाढतं ही तक्रार रास्त आहे. विरघळणारं खत फवाऱ्यातून द्यायची सोय असेल तर काम बरंच हलकं होतं. ती नसेल तर जोमाच्या काळाच्या सुरुवातीला, जमीन खरोखर तापल्यावर, लेप दिलेलं खत निम्म्या प्रमाणात आणि वरून छोटे हप्ते, ही तडजोड चालते.

युरिया टाकलात तर त्याच दिवशी ६ ते ८ मिलिमीटर पाणी द्या. उघड्या थॅचवर पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. सामू (पीएच) जास्त असलेल्या मातीत आणि गरम दिवसांत हे नुकसान वाढतं. अशा मातीत मला अमोनियम सल्फेट बरं वाटतं: २१ टक्के नत्र, २४ टक्के गंधक, आणि उडून जाण्याचं भय कमी. मात्र ते माती आम्ल करत नेतं, त्यामुळे सामू आधीच ५.५ च्या आसपास असेल तर नको. आणि दवाने ओल्या पानांवर कुठलंही दाणेदार खत नको. पान जळतं, आणि त्या जळण्याला लोक मग रोग समजतात.

थॅच १२-१३ मिलिमीटरच्या वर गेला असेल तर छिद्रं पाडण्याचं आणि वाळू टाकण्याचं काम जोमाच्या काळातच ठेवा, आणि त्याच्या आठवडाभर आधी द्यायला एक हप्ता राखून ठेवा. जखम भरून यायला नत्र लागतं. इथे काटकसर करू नये.

लोहाबद्दल थोडक्यात. सामू ७.५ च्या वर असलेल्या मातीत फेरस सल्फेट जमिनीत टाकणं म्हणजे विहिरीत टाकणं. ते लगेच बांधलं जातं. पानावर फवारा, हेक्टरी ५ ते १० किलो, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. सिमेंटच्या वाटांवर उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांच्यात मी फार रमत नाही, कारण फेअरवेवर कापलेलं गवत परत पडतं आणि त्याबरोबर हेही परत येतात. पण माती परीक्षण न करता ‘हिवाळ्याआधी पोटॅश’ म्हणून डोळे झाकून गोण्या रिकाम्या करणं मला पटत नाही. मेलिक-३ पद्धतीने तपासलेल्या मातीत पालाश ३७ पीपीएम (दशलक्षात ३७ भाग) आणि स्फुरद २१ पीपीएम ही एमएलएसएन या हिरवळीच्या पोषणाच्या मार्गदर्शकातली किमान पातळी आहे. त्याच्या खाली जायला नको, फार वर जाऊन फायदा नाही. वरच्या १० सेंटिमीटर मातीत १ पीपीएम म्हणजे हेक्टरी साधारण दीड किलो. अहवालात पालाश ६० पीपीएम आला तर किमान पातळीच्या वर हेक्टरी सुमारे ३५ किलो शिल्लक आहे. बर्म्युडाच्या पानात नत्राच्या साधारण निम्मं पालाश असतं, यावरून वर्षाची गरज आणि शिल्लक ताडून बघा. पिशवीवरचा आकडा मात्र ऑक्साइडचा असतो: पालाशाच्या आकड्याला ०.८३ ने गुणा, स्फुरदाच्या आकड्याला ०.४४ ने, मग खरा आकडा मिळतो. वाळूच्या जमिनीत पालाश झिरपून जातो, तिथे तोही छोट्या हप्त्यांत. कमतरता खरोखर असेल तर दुर्लक्ष नको. पालाश कमी पडलेलं बर्म्युडा पानावरच्या ठिपक्यांना आणि थंडीला लवकर बळी पडतं. म्युरेट ऑफ पोटॅश आणि सल्फेट ऑफ पोटॅश यांत निवड करायची असेल तर पाणी खारट असताना सल्फेट, एवढं पुरे.

हंगामाच्या शेवटी उलटी गाडी. तापमान उतरू लागलं की हप्तेही सूत्राप्रमाणे उतरवत न्या, एकदम तोडू नका. वरच्या उदाहरणात २७ अंशांच्या महिन्यात अडीच ग्रॅम, २३ च्या महिन्यात दीड, १८ च्या महिन्यात अर्धा. जिथे दहिवर (गोठलेलं दव) पडून गवत पूर्ण तपकिरी होतं, तिथे अपेक्षित पहिल्या दहिवराच्या महिना-दीड महिना आधी विरघळणारं नत्र थांबवा. जिथे गवत झोपत नाही, नुसतं मंदावतं, तिथे लोहाबरोबर अगदी थोडं नत्र चालतं. थंडीत रंगासाठी राय गवत पेरत असाल तर ते वसंतात बर्म्युडाच्या डोक्यावर बसतं. तेव्हा दिलेलं प्रत्येक किलो नत्र आधी राय खातं. त्या मैदानांवर पहिला हप्ता आणखी मागे न्यावा लागतो.

बदल केल्यानंतरचा पहिला वसंत अवघड जातो, हे आधीच सांगून ठेवतो. शेजारच्या मैदानावर ‘जागवण्याचा हप्ता’ पडलेला असतो, तिथलं गवत गडद दिसतं, तुमचं अजून फिकट पोपटी. खेळणारे विचारतात, समिती विचारते. मी अशा वेळी दोन कामं करतो. पहिल्या टीवरून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागेवरून, दिसणाऱ्या फेअरवेवर लोह फवारतो. आणि समितीतल्या दोघांना मैदानावर नेऊन, चाकूने एक ढेकूळ काढून मुळं दाखवतो. वसंतात ती आखूड आणि तपकिरी असतात, बाजूने एखादं पांढरं टोक फुटलेलं. त्याच जागेजवळ सहा आठवड्यांनी पुन्हा एक ढेकूळ. दोन्हींचे फोटो, बाजूला पट्टी ठेवून, वहीत चिकटवलेले आहेत. या वर्षी सहाव्या आठवड्यात आम्ही फळीचे चौकोन शोधत फिरलो तर चारपैकी तीन सापडले नाहीत, म्हणून सातव्या आठवड्यातला हप्ता वगळला. चौथा चौकोन सापडला, तो वाळूच्या उंचवट्यावर होता. तिथे तेवढ्यापुरतं हाताने खत टाकलं.